बाळ बाबांच्या उघड्या छातीवर: तयारीपासून खाली ठेवेपर्यंतचा क्रम

बहुतेक बाबांच्या हातात बाळ येतं ते दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं, आणि तेही पाच-दहा मिनिटांपुरतं. ते कुरकुरलं की कुणीतरी म्हणतं, "आण इकडे, तुला नाही जमायचं." बाळ परत जातं. असे आठ-दहा दिवस गेले की बाबांनाही तसंच वाटायला लागतं.

ज्यांनी 'कांगारू'बद्दल, म्हणजे बाळ उघड्या छातीवर घेऊन ऊब देण्याबद्दल, ऐकलेलं असतं, ते करायला जातात. पण क्रम चुकतो. बनियन अंगावरच असतं, बाळ नुकतंच पोटभर प्यायलेलं असतं, पंखा डोक्यावर गरगरत असतो, बाळाची हनुवटी त्याच्या स्वतःच्याच छातीत रुतलेली असते. दहा मिनिटांत बाळ रडतं आणि प्रयोग संपतो. दोष बाळाचा नसतो, बाबांचाही नसतो. तयारी झालेली नसते.

करायचं एवढंच: फक्त लंगोट किंवा डायपर घातलेलं बाळ बाबांच्या उघड्या छातीवर उभं टेकवायचं, पाठीवरून पांघरूण घालायचं आणि किमान तासभर तसंच ठेवायचं. बाबांच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, बाळाचा श्वास आणि छातीचे ठोके संथ होतात, रडणं कमी होतं. बाळाला बाबांचा वास आणि आवाज ओळखीचा होतो. बाबांना बाळाच्या हालचालींचा अर्थ कळायला लागतो, आणि माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं हेच आहे. भूक लागल्यावर ते काय करतं, शी करण्याआधी कसं ताणतं, गाढ झोपेत चेहरा कसा सैल पडतो, हे दुपट्यावरून समजत नाही.

पूर्ण दिवसांचं, ठणठणीत बाळ असेल तर घरी कुठल्याही दिवशी सुरुवात करा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शेवटून दुसरा भाग सगळ्यात आधी वाचा.

## १. आठव्या महिन्यातच विचारून ठेवा

हे प्रश्न बाळंतपणाच्या दिवशी विचारायचे नाहीत. त्या दिवशी सगळेच घाईत असतात, आणि घाईत नकार देणं सोपं जातं. नाव नोंदवलेल्या दवाखान्यात आठव्या महिन्याच्या तपासणीला दोघं मिळून जा आणि विचारा:

- जन्मानंतर बाळ लगेच आईच्या छातीवर देता का? सिझेरियन झालं तर काय करता?
- आईला ऑपरेशन थिएटरमध्ये वेळ लागला, तर तोवर बाळ बाबांच्या छातीवर देता का? कुठे बसायचं?
- बाळंतिणींच्या वॉर्डात पुरुषांना किती वेळ थांबू देतात? आत थांबता येत नसेल, तर कांगारूसाठी वेगळी खोली किंवा पडदा लावलेली खुर्ची आहे का?

जनरल वॉर्डात आजूबाजूला इतर बाळंतिणी असतात, त्यामुळे पुरुषांना तिथे थांबू न देणं रास्तच आहे. वाद घालू नका, दुसरी जागा मागा. सरकारी रुग्णालयांच्या नवजात कक्षांत सिस्टरना 'कांगारू' म्हटलं की नेमकं कळतं.

रजेचंही तेव्हाच बघा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत मात्र कायद्याने तशी सक्ती नाही. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा. एचआरला लेखी विचारा.

सावधान: जन्मानंतरचा पहिला तास आईचा आणि पहिल्या दुधाचा आहे. आई शुद्धीवर आणि बरी असेल, तर बाळ आधी तिच्या छातीवर जातं. बाबांची पाळी त्यानंतर, किंवा आईला घेता येत नसेल तेव्हा.

## २. वेळ निवडा

इथेच सर्वांत जास्त गडबड होते. ऑफिसातून आल्या-आल्या, जेवायच्या आधी, बाळ जागं असेल तेव्हा, असं ठरवून भागत नाही. वेळ बाळाच्या दुधावर ठरते.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पितं, म्हणजे साधारण दर दोन-तीन तासांनी. पिऊन झालं, ढेकर निघाली, त्यानंतर वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ दिला की मधला तास-दीड तास बाबांचा. लगेच घेतलं तर पोट दाबलं जातं आणि बाळ दूध काढतं. फार उशिरा घेतलं तर ते भुकेलं होऊन छाती चाचपायला लागतं.

तासाचा आग्रह यासाठी, की बाळाचं झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं. पंधरा मिनिटांनी उचलून खाली ठेवलं की त्या कोवळ्या झोपेतून ते दचकून उठतं. सतत उचल-ठेव केल्याने त्याला त्रासच होतो. आज फक्त वीस मिनिटंच मोकळी असतील, तर बाळाचे कपडे न उतरवता नुसतं मांडीवर घ्या, बोला. तेही चांगलंच आहे. पण त्याला कांगारू समजू नका.

बाळाला अंघोळ घालायला आणि मालिश करायला बाई येत असतील, तर त्यांच्या वेळेशी गाठ पडू देऊ नका. तेल लावलेलं बाळ उघड्या छातीवरून सरळ घसरतं. टाळू भरलेली असेल तर तेल ओघळून डोळ्यांत जातं. मालिशीनंतर अंघोळ होऊन, अंग कोरडं होऊन, दूध पिऊन झालं की मग घ्या.

## ३. खोली

खोलीचं तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस असावं. मुंबई-कोकणात मे महिन्यात हे एसीशिवाय जमत नाही, आणि एसी चालतो. फक्त झोत अंगावर नको. पंखा हळू आणि थेट डोक्यावर नाही. नाशिक-साताऱ्याकडच्या थंडीत खिडकी लावून घ्या.

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि ओव्या-वेखंडाची धुरी होत असेल, तर त्या खोलीत बसू नका. धूर बाळाच्या फुप्फुसांना त्रास देतो, मग तो कशाचाही असो. धुरी बाळाला देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण पहिल्या आठवड्यात आजीशी त्यावरून भांडण नको असेल, तर निदान बाळ दुसऱ्या खोलीत न्या.

बसायला हात असलेली, पाठ उंच असलेली खुर्ची सर्वांत चांगली. नसेल तर पलंगावर भिंतीला दोन-तीन उशा लावून अर्धं रेलून बसा. आधी बसून बघा: खांदे सैल पडतात का, कोपरांखाली आधार आहे का, पाय टेकतात का? या जागेवर तासभर बसायचं आहे. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. चहा किंवा कुठलंही गरम काही जवळ नको.

सावधान: सोफ्यावर किंवा बीनबॅगवर बसू नका. डोळा लागला तर बाळ गाद्यांच्या खोबणीत सरकतं आणि गुदमरू शकतं.

## ४. बाबांची तयारी

अंघोळ झालेली असावी, अंग पूर्ण कोरडं. बाहेरून आलात तर हात-पाय धुऊन, कपडे बदलून मगच या. पावडर, अत्तर, डिओ, बाम काहीही नको. बाळाला तुमचा वास ओळखायचा आहे. गळ्यातली चेन, ताईत, मनगटावरचं घड्याळ, कडं, अंगठ्या काढा. जानवं असेल तर ते बाळाच्या मानेभोवती किंवा बोटांत अडकणार नाही असं बाजूला करा. नखं कापलेली असू द्या.

छातीवर केस असतील तर असू द्यात. बरेचजण आदल्या दिवशी वस्तरा फिरवतात. मग ते खुंट बाळाच्या गालाला टोचतात आणि स्वतःला कापलं तर जंतुसंसर्गाची भीती वेगळी.

अंगावर पुढून उघडणारा सैल शर्ट घाला, बटणं उघडी ठेवा, आत बनियन नको. बाळ टेकवलं की हाच शर्ट त्याच्या दोन्ही बाजूंनी घेता येतो.

या स्थितीत घेऊ नका:

- ताप, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तेव्हा.
- छातीवर गजकर्ण, खरूज, गळू किंवा ओली जखम असेल, ओठावर तापाचे फोड असतील तेव्हा.
- दारू घेतली असेल किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल तेव्हा.
- नुकतीच सिगारेट किंवा बिडी ओढली असेल तेव्हा. धूर कपड्यांना, त्वचेला आणि श्वासाला चिकटून राहतो. गच्चीत जाऊन ओढून आलो, असं म्हणून चालत नाही.

साधी सर्दी असेल आणि बाळ ठणठणीत असेल, तर मास्क लावून घेता येईल. बाळ नाजूक असेल तर बरं होईपर्यंत थांबा.

तपासा: लघवीला जाऊन आलात? फोन सायलेंट करून हाताच्या अंतरावर, पण हातात नाही? घरातल्या कुणाला तरी सांगितलंत की तासभर तुम्ही उठणार नाही?

## ५. बाळाची तयारी

बाळाचं झबलं उतरवा. नवा लंगोट किंवा डायपर घाला. नाळेचा खुंट अजून असेल तर लंगोटाची किंवा डायपरची वरची कड नाळेच्या खाली दुमडा. नाळ कोरडी राहिली पाहिजे, तिला काही लावायचं नाही. पायात मोजे. टोपडं थंडीत आणि कमी वजनाच्या बाळाला हवंच. पूर्ण दिवसांच्या बाळाला उकाड्याच्या खोलीत नको.

जन्मल्यावर अंगावर असलेला पांढरा चिकट थर घासून काढू नका. पहिली अंघोळ किमान २४ तास लांबवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यामुळे "अजून अंघोळ नाही झाली, बाबांनी कसं घ्यायचं" हा प्रश्न सोडून द्या.

दुपटं हाताशी ठेवा. सर्वांत चांगलं काय, तर जुन्या सुती लुगड्याचं किंवा धोतराचं मऊ कापड, दुहेरी घडीचं. नवं, खळ असलेलं, जरीच्या काठाचं नको.

## ६. छातीवर घेणं

सावकाश करा. सगळी मेहनत या दोन मिनिटांत आहे.

आधी तुम्ही बसा. उभ्याने बाळ घेऊन मग बसायला जाऊ नका. रेलून बसलात, शर्ट उघडा केलात की दुसऱ्या कुणाला तरी बाळ द्यायला सांगा. पहिल्या दोन-चार वेळा मदतीला माणूस हवंच.

हात कुठे? एक तळवा बाळाच्या मानेच्या आणि डोक्याच्या मागे, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून उचलायचं नाही.

बाळ उभं, छातीच्या मधोमध. बाळाची छाती तुमच्या छातीला आणि त्याचं पोट तुमच्या बरगड्या संपतात तिथे. किती उंचावर हवं, याची सोपी खूण: मान थोडी खाली केली की तुमचे ओठ त्याच्या डोक्याला टेकले पाहिजेत. त्याहून खाली असेल तर बाळ घसरतंय.

डोकं एका बाजूला वळलेलं. गाल छातीवर, नाक आणि तोंड मोकळं. हनुवटी किंचित वर. हनुवटी आणि बाळाची छाती यांत एक-दोन बोटं मावली पाहिजेत. मान पुढे झुकली तर श्वासाची वाट दबते, फार मागे गेली तरी दबते. सगळ्या सूचनांमध्ये ही एकच निवडायची झाली, तर मी हीच निवडेन.

हात-पाय. हात कोपरात दुमडलेले, तुमच्या छातीच्या दोन्ही बाजूंना. पाय बेडकासारखे फाकलेले आणि दुमडलेले. पाय ओढून सरळ करू नका.

पांघरूण. दुपट्याची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली येऊ द्या. ते मानेला आधार देतं आणि डोकं पुढे पडू देत नाही. कापडाने बांधणार असाल तर बाळाच्या छातीजवळ घट्ट, पोटाजवळ सैल. बाळ पोटाने श्वास घेतं, तिथे जागा हवी. मग शर्टाच्या दोन्ही बाजू वरून घ्या. कापड तोंडावरून कधीही नाही.

तपासा: नाक-तोंड दिसतंय? ओठ आणि जीभ गुलाबी? श्वास शांत? मान सरळ रेषेत? हे चारही होईपर्यंत निवांत होऊ नका.

पहिली दोन-तीन मिनिटं बाळ वळवळेल, कण्हल्यासारखा आवाज करेल, कदाचित रडेल. लगेच आईकडे देऊ नका. एक हात पाठीवर, एक ढुंगणाखाली, नुसता दाब. थोपटू नका, हलवू नका, उठून फेऱ्या मारू नका. हळू आवाजात बोला. विषय कुठलाही चालतो. पोटात असताना ऐकलेला तो आवाज आहे. पाच मिनिटांतही शांत झालं नाही, तर भूक, ओला लंगोट, गारठा या क्रमाने बघा.

## ७. तो तास

टीव्ही बंद. फोन नको, फोटोसुद्धा सुरुवातीला किंवा शेवटी एक, फ्लॅशविना. पाहुण्यांना नंतर बोलवा. आई शेजारी असेल तर तिने झोपावं. तिला या काळात एवढी सलग झोप क्वचितच मिळते.

दर दहा-पंधरा मिनिटांनी मान आणि नाक बघा. बाळाचे तळपाय आणि पोट हाताने चाचपा. पाय आणि पोट दोन्ही उबदार असतील तर छान. पाय गार आणि पोट उबदार असेल तर मोजे, टोपडं, जास्तीचं पांघरूण घाला. दोन्ही गार असतील तर खोली गरम करा, बाळ छातीवरच ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. उलट, मानेच्या मागे घाम आला, अंग लालबुंद झालं तर पांघरूण कमी करा. थर्मामीटर असेल तर काखेत ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक.

नवजात बाळाचा श्वास घड्याळासारखा नसतो. थोडे भराभर श्वास, मग पाच-दहा सेकंद थांबल्यासारखं, मग पुन्हा सुरू, हे चालतं. पण वीस सेकंद श्वासच नाही किंवा ओठ निळसर झाले, तर पाठ चोळा, तळपायाला टिचकी मारा आणि मदतीला हाक मारा.

तुम्हाला पेंग येईल. उबदार बाळ छातीवर असताना प्रत्येकाला येते. डोळे मिटायला लागले की बाळ दुसऱ्याकडे द्या किंवा त्याच्या जागेवर ठेवा. 'हात घट्ट आहेत, पडणार नाही' हा समज खोटा आहे. झोपेत हात सैल पडतातच.

## ८. भूक ओळखा, मग खाली ठेवा

बाळ तोंड उघडून डोकं इकडेतिकडे फिरवू लागलं, ओठ चोखू लागलं, मूठ तोंडात घालू लागलं की भूक लागली. बाबांची छातीही चाचपेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. रडण्याची वाट न बघता आईकडे द्या. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे, आणि रडून दमलेलं बाळ नीट पीत नाही.

भूक नसेल आणि गाढ झोपलं असेल, तर बाळाला त्याच्या जागेवर पाठीवर झोपवा. कठीण गादी, उशी नको, शेजारी खेळणी नकोत. आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं; आणि हात काढण्याआधी थोडा वेळ छातीवर तळवा तसाच ठेवा.

## बायको माहेरी असेल तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाबा शनिवार-रविवारचे पाहुणे. सासुरवाडीत शर्ट काढून बसायचं, समोर सासूबाई, मामेसासरे, शेजारच्या काकू; संकोच होतो आणि तो अगदी खरा आहे. म्हणून बरेच जावई विचारतच नाहीत.

हे बोलणं तुमच्याऐवजी बायकोने आधी करावं. "डॉक्टरांनी सांगितलंय, ते आले की दुपारी तासभर बाळ त्यांच्याकडे," एवढं पुरे. खोलीचं दार लोटून घ्या. पुढून उघडणारा शर्ट आणि वरून दुपटं असलं की अंग जवळपास झाकलेलंच राहतं. पहिल्यांदा सासूबाईंनाच बाळ तुमच्या छातीवर द्यायला सांगा. त्यांचे हात सरावलेले असतात, आणि मान कशी ठेवायची हे त्या तुमच्यापेक्षा लवकर पकडतात. एकदा बाळ तासभर शांत झोपलेलं त्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी त्याच आठवण करतील.

आठवड्यातून दोनच दिवस मिळत असतील, तर त्या दोन दिवसांत दोन-दोन वेळा घ्या.

## अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ

इथे हा उपचार आहे. अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं कांगारू द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर कांगारू सुरू केल्याने मृत्यूचं प्रमाण पाव हिश्शाने घटलेलं दिसलं. एकट्या आईला इतके तास देणं अशक्य आहे. बाबा, आजी, मावशी यांनी पाळ्या लावल्या तरच ते गणित बसतं. रात्रीची एक पाळी बाबांनी घ्यावी, म्हणजे आई झोपेल. अट एकच, बाबा जागे असले पाहिजेत.

सलाईन, नाकातली नळी किंवा ऑक्सिजन असला तरी डॉक्टर परवानगी देऊ शकतात. पण बाळ तुमच्या छातीवर आणणं आणि परत नेणं सिस्टरच करतील. नळ्यांना तुम्ही हात लावायचा नाही. मॉनिटर वाजला तर घाबरून बाळ उचलू नका, सिस्टरना हाक मारा.

घरी आल्यावरही थांबवू नका. आशाताई बाळाला बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात; त्यांच्यासमोर एकदा बाळ छातीवर घेऊन दाखवा, मान आणि बांधणी त्या तपासतील.

## लगेच दवाखाना गाठा, जर

- बाळ पीत नसेल किंवा उठवूनही सुस्त असेल
- मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल
- काखेतलं तापमान ३५.५ पेक्षा कमी किंवा ३७.५ पेक्षा जास्त असेल
- झटके येत असतील
- तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत आणि वाटेतही बाळ श्वास घेत असेल तर छातीवरच, उबेत ठेवा.

किती दिवस करायचं? कमी वजनाचं बाळ साधारण अडीच किलोच्या आसपास पोचलं की स्वतःच सांगतं: हातपाय बाहेर काढतं, घामेजतं, वळवळून सुटायला बघतं. तेव्हा थांबवा. पूर्ण दिवसांच्या बाळाला अशी मुदत नाही. तिसऱ्या महिन्यात ते डोकं उचलून तुमच्याकडे बघायला लागेल आणि तासभर एका जागी राहणार नाही. तेव्हा वेळ बाळाला ठरवू द्या.